मोडीत काढण्यापूर्वी : जुने लॅपटॉप आणि लिनक्स

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात भंडारा येथे केलेले भाषण. चिटणीसांच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून दिले आहे.)



या संमेलनात चार शब्द बोलावेत अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हास केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. विषय मात्र आमच्या वयाला आणि शिक्षणाला न शोभणारा, असे पुष्कळांस वाटेल. आम्ही १९७४ साली जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण झालो, अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले आणि मोहाडी व तुमसर तालुक्यांतील प्राथमिक शाळांतून खडू आणि फळा यांच्या सहवासात उमेदीची वर्षे घालविली. संगणकावर बोलण्याचा आमचा अधिकार तो कोणता? उत्तर एवढेच की, जो विद्यार्थी उतारवयात धडा शिकतो, त्याला आपण कोठे अडखळलो हे नीट आठवते. ती अडखळण्याची ठिकाणे आपणांस दाखवावीत, इतकाच आमचा हेतू आहे.

आपल्या कासार समाजाला एक गोष्ट सांगावी लागत नाही. भंडारा हे पितळी भांड्यांचे गाव म्हणून ओळखले जाते. घरातील घागर काळवंडली, पातेल्याची कल्हई उडाली, तर आपल्या आजीने ते भांडे एकदम मोडीत घातले असे कधी झाले नाही. आधी ते चिंचेने घासून पाहावयाचे, मग कल्हई करावयाची, बूड झिजले असेल तर डाग मारून घ्यावयाचा. आणि हे सारे करूनही भागत नसेल, तरच ते मोडीच्या तराजूत जावयाचे. मोड ही शेवटची पायरी होय, पहिली नव्हे. आज आम्ही जे सांगणार आहो ते याहून फारसे निराळे नाही. केवळ भांडे बदलले आहे.

गेल्या दिवाळीच्या सुमारास मंडळाच्या अभ्यासिकेतील कपाटात नऊ जुने लॅपटॉप जमले होते. नागपूर-पुण्याकडे नोकरीस असलेल्या आपल्याच मुलांनी नवी यंत्रे घेतली आणि जुनी मंडळास देऊन टाकली. ती कोणी उघडत नव्हते. कार्यकारी मंडळाच्या सभेत असा विचार पुढे आला की, ही यंत्रे भंगारात द्यावीत आणि विद्यार्थी साहाय्य निधीतून तीन नवी विकत घ्यावीत. विचार सद्हेतूचा होता. परंतु तो निधी म्हणजे बाहेरगावी शिकणाऱ्या मुलामुलींच्या शुल्काचा निधी. तीन यंत्रे घ्यावयाची म्हणजे त्या वर्षी कित्येकांना नकाराचे पत्र पाठवावयाचे. आम्ही सभेस हात जोडून एक महिन्याची मुदत मागितली, आणि सभेने ती मोठ्या मनाने दिली.

ही यंत्रे एकाएकी निरुपयोगी का ठरली, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. संगणक म्हणजे केवळ पडदा आणि कळफलक नव्हे. त्याच्या सर्व अवयवांना कामास लावणारा एक कारभारी आत असतो. त्यास ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. आपल्याकडील बहुतेक यंत्रांत हा कारभारी विंडोज नावाचा असतो. त्याच्या विंडोज १० या आवृत्तीची नियमित देखभाल मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली. काही अटींवर आणखी एका वर्षाची मुदत देऊ केली, इतकेच. पुढील आवृत्ती विंडोज ११. तिच्यासाठी कंपनीने ठरविलेल्या अटींत, ढोबळमानाने सांगावयाचे तर, २०१७ च्या आधीचे इंटेल प्रोसेसर बसत नाहीत. म्हणजे ज्याचा पडदा स्वच्छ आहे, कळा शाबूत आहेत, असे यंत्र केवळ कारभाऱ्याच्या नियमामुळे घराबाहेर पडू लागले. देखभाल थांबलेल्या प्रणालीवर बँकेचे व्यवहार करणे म्हणजे कडी नसलेल्या दाराआड झोपणे होय. म्हणून कारभारी बदलता येईल काय, हा प्रश्न उभा राहतो.

दुसऱ्या कारभाऱ्याचे नाव लिनक्स. फिनलंड देशातील हेलसिंकी विद्यापीठाचे विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपण एक प्रणाली छंद म्हणून लिहीत असल्याचे जाहीर केले. त्यांनी ती पुढे सर्वांसाठी खुली ठेवली. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पाची साधने तिला मिळाली आणि जगभरच्या जाणत्यांनी तीत आपापली भर घातली. ती कोणीही घ्यावी, वापरावी, सुधारावी आणि दुसऱ्यास द्यावी. आपल्या खिशातील अँड्रॉइड मोबाईलचा गाभा लिनक्सचाच आहे, आणि जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र २०१७ पासून लिनक्सवरच चालत आले आहे. तेव्हा ही कोणा हौशी मंडळींची भातुकली आहे, असे समजण्याचे कारण नाही.

मग इतकी चांगली वस्तू आपल्या घरोघरी का आली नाही? याचे एक मोठे कारण हार्डवेअर हेच होते. प्रत्येक अवयवास कारभाऱ्याची भाषा समजावी म्हणून एक दुभाष्या लागतो. त्यास ड्रायव्हर म्हणतात. यंत्रे बनविणाऱ्या कंपन्या असा दुभाष्या विंडोजसाठी देत आणि लिनक्ससाठी पुष्कळदा देत नसत. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी लिनक्स घालणाऱ्याच्या नशिबी मोठे हाल असत. कधी आवाज येत नसे, कधी दूरध्वनीच्या तारेवरून इंटरनेट जोडणारा मोडेम मुका राही. पुढे वाय-फाय आले, तेव्हा तेही अडू लागले. स्वयंसेवकांनी रात्री जागवून, एकेका यंत्राचे वागणे न्याहाळून असे दुभाष्ये घडविले.

आज ही स्थिती पालटली आहे. इंटेल आणि एएमडी या कंपन्यांचे अभियंते स्वतःच लिनक्सच्या गाभ्यात आपल्या वस्तूंचे ड्रायव्हर लिहितात. डेल कंपनीने २०१२ साली उबुंटू नावाच्या लिनक्ससह लॅपटॉप विकावयास काढला, तर २०२० मध्ये लेनोव्हो कंपनीने आपल्या थिंकपॅड यंत्रांवर लिनक्स देण्याचे जाहीर केले. डेबियन ही १९९३ पासूनची संस्था तत्त्वाची मोठी कडक. परंतु तिनेही २०२२ मध्ये मतदान घेऊन, जून २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून वाय-फायसारख्या अवयवांना लागणारी कंपन्यांची बंदिस्त फर्मवेअर आपल्या प्रतिष्ठापनेतच समाविष्ट केली. पूर्वी जे शोधून आणावे लागे, ते बरेचसे आता आपोआप येते.

हे झाले पुस्तकी ज्ञान. आता कपाटातील नऊ यंत्रांकडे वळू.

आमचा नातू अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुटीत त्याने लिनक्स मिंट नावाची आवृत्ती एका पेन ड्राइव्हवर घालून दिली आणि म्हणाला, "आजोबा, आधी यावरूनच चालवून पाहा. आतल्या डिस्कला हात लावू नका." लिनक्सची ही सोय आम्हास सर्वांत अधिक भावली. पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू करावे, तासभर वापरावे, प्रत्येक अवयव तपासावा आणि बंद करावे. आतील काहीही बदलत नाही. घागर विकत घेण्याआधी पाणी भरून गळते काय ते पाहावे, तशीच ही रीत आहे.

आम्ही शाळेतील हजेरीपटासारखा तक्ता आखला. नवांपैकी एक यंत्र सुरूच झाले नाही. त्याचा मुख्य फलक जळाला होता, आणि मेलेल्यास कोणताही कारभारी उठवू शकत नाही. उरलेल्या आठांत पडदा, कळफलक, बोटाने फिरवावयाची पाटी आणि आवाज ही पहिल्याच क्षणी चालली. कॅमेरा आठांपैकी सातांत दिसला. वाय-फाय सहांत ताबडतोब लागले. सातव्यात ड्रायव्हर मागाहून उतरवून घ्यावा लागणार होता. पण इंटरनेटवाचून ड्रायव्हर नाही आणि ड्रायव्हरवाचून इंटरनेट नाही, असा पेच पडला. तो नातवाने सोडविला. मोबाईल तारेने लॅपटॉपला जोडला, मोबाईलमधील यूएसबी टेदरिंग सुरू केले, आणि मोबाईलचे इंटरनेट लॅपटॉपला मिळाले. आठव्याचे वाय-फाय मात्र शेवटपर्यंत बोलले नाही. त्यास बाहेरून लावावयाचा नखाएवढा तुकडा विकत घेतला आणि काम भागले.

दोन यंत्रांत बोटाच्या ठशाने उघडण्याची सोय होती. ती एकात चालली, दुसऱ्यात नाही. एका यंत्राचे झाकण मिटले की ते झोपी जाई आणि उठण्याचे नाव घेत नसे; शेवटी झाकण मिटताच ते पूर्ण बंद व्हावे अशी आज्ञा त्यास देऊन ठेवली. जुन्या बॅटऱ्या विजेविना अर्धा तासही टिकत नव्हत्या. त्या लिनक्सनेही सुधारल्या नाहीत, आणि तशी आशाही कोणी धरू नये. ज्या पाच यंत्रांत फिरत्या चकतीची जुनी हार्ड डिस्क होती, त्यांत एसएसडी बसविताच त्यांची सुस्ती गेली. हा खर्च तीन नव्या यंत्रांच्या खर्चापुढे किरकोळ होता. हिशेब खजिनदारांकडे आहे, ज्यास पाहावयाचा असेल त्याने अवश्य पाहावा. आज आठ यंत्रे अभ्यासिकेत आहेत आणि साहाय्य निधीतून एकाही मुलास नकार गेलेला नाही.

येथेच थांबलो असतो तर टाळ्या मिळाल्या असत्या. परंतु जे साधले तेवढेच सांगणे हे शिक्षकास शोभत नाही.

या यशाने आमच्या डोक्यात वारे शिरले. अभ्यासिकेत येणारी विज्ञान शाखेच्या शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी आपला जुना लॅपटॉप घेऊन आली आणि म्हणाली, "गुरुजी, माझाही तसाच करून द्या." नातू तेव्हा परत गेला होता. आम्हास आता सारे येते, अशा भ्रमात आम्ही बसलो. प्रतिष्ठापना करताना यंत्राने विचारले की, जुन्या प्रणालीच्या शेजारी लिनक्स ठेवू, की संपूर्ण डिस्क पुसू? आम्ही दुसऱ्या पर्यायावर कळ दाबली. तिच्या कागदपत्रांची प्रत कोठे काढून ठेवली आहे काय, हे विचारावयाचे राहून गेले. ती कोठेही नव्हती. वर्षभराच्या टिपणांसह, पावसाळ्यात वैनगंगेच्या काठाने फिरून तिने काढलेली वनस्पतींची छायाचित्रे गेली. टिपणे तिने वहीवरून पुन्हा उतरविली. आम्हीही आठ दिवस तिच्या घरी बसून टंकलेखनास हातभार लावला. पण पावसाळा संपला होता. जी रोपे तिने टिपली होती ती त्या वर्षी पुन्हा उगवणार नव्हती. प्रबंध तिने छायाचित्रांवाचून सादर केला. तिने आम्हास एका शब्दानेही दुखविले नाही. तिच्या मातोश्रींनी चहा पुढे ठेवला, तो घेताना आमचा हात कापत होता. तिची क्षमा आम्ही घरी मागितली होती, आज सर्वांसमक्ष पुन्हा मागतो.

यंत्र बिघडले नव्हते, लिनक्स चुकले नव्हते. चुकलो आम्ही. म्हणून अभ्यासिकेच्या भिंतीवर आम्ही स्वहस्ते एक पाटी लिहून लावली आहे : आधी प्रत, मग प्रयोग.

आता ज्यांनी कारभारी बदलू नये त्यांच्याविषयी. ज्यांच्या दुकानाचा हिशेब टॅलीवर आहे, त्यांनी दुकानाच्या यंत्राशी खेळ करू नये, कारण ती आज्ञावली लिनक्ससाठी बनविलेली नाही. जे बंधू सेवा केंद्र चालवितात आणि ज्यांचे पोट अंगठ्याचे ठसे घेणाऱ्या उपकरणावर अवलंबून आहे, त्यांनी उपकरण देणाऱ्याकडे आधी चौकशी करावी. छपाईयंत्राचेही तसेच. काही छपाईयंत्रे जोडताक्षणी चालतात, काही हटून बसतात. मंडळाच्या कार्यालयातील छपाईयंत्राने आम्हास दोन दिवस दाद दिली नाही. आणि ही स्मरणिका ज्या जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टांत जुळविली जात असे, त्या फायली युनिकोडमध्ये आणल्यावाचून दुसऱ्या यंत्रावर नीट वाचता येत नाहीत. हा दोष लिनक्सचा नव्हे, आपण युनिकोडकडे उशिरा वळलो त्याचा आहे.

मराठीचा विषय निघालाच आहे, तर एक समाधानाची गोष्ट सांगतो. आम्हास भीती होती की या परक्या प्रणालीत आपली भाषा उपरी ठरेल. तसे घडले नाही. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ज्या इनस्क्रिप्ट कळफलकास मान्यता दिली, तो लिनक्समध्ये आधीपासूनच असतो. केवळ निवडावा लागतो. लोहित नावाची देवनागरी अक्षरे रेड हॅट कंपनीने २००४ साली सर्वांसाठी खुली केली. सी-डॅक या आपल्या सरकारी संस्थेने २००७ मध्ये बॉस नावाचे लिनक्स भारतीय भाषांसह प्रसिद्ध केले. मुंबईच्या आयआयटीने स्पोकन ट्युटोरियल या उपक्रमात लिनक्स आणि लिबरऑफिस यांचे धडे मराठी निवेदनासह तयार केले आहेत. ते विनामूल्य आहेत. हे भाषण आम्ही अभ्यासिकेतील अशाच एका लॅपटॉपवर लिबरऑफिसमध्ये लिहिले आहे.

खेड्यातील मुलांना हे जमेल काय, अशी शंका कोणी घेईल. रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात खैराट-धनगरवाडा नावाची एक लहानशी वस्ती आहे. तेथील एकशिक्षकी प्राथमिक शाळेत २००७ साली वन लॅपटॉप पर चाइल्ड या प्रकल्पातून प्रत्येक मुलाच्या हातात लहानसा हिरवा-पांढरा लॅपटॉप आला. त्याच्या आत लिनक्सच होते. केरळ राज्याने तर आपल्या शाळांतून संगणकाचे शिक्षण वर्षानुवर्षे मुक्त प्रणालीवरच चालविले आहे आणि त्यासाठी आधी आपल्या शिक्षकांना तयार केले. या दोन्ही उदाहरणांत एक धडा आम्हास दिसतो. यंत्र देणे सोपे असते. त्यामागे शिकविणारा उभा राहिला तरच ते टिकते.

म्हणून, बंधुभगिनींनो, मंडळापुढे आणि आपल्या प्रत्येक कुटुंबापुढे आमची तीन नम्र मागणी आहेत. पहिली अशी की, घरात जुना लॅपटॉप पडून असेल तर तो मोडीत देण्यापूर्वी एकदा अभ्यासिकेत आणावा. पेन ड्राइव्हवरून तासाभरात कळेल की त्याचे कोणते अवयव चालतात. दुसरी अशी की, आतील प्रत्येक छायाचित्र, प्रत्येक प्रमाणपत्र दुसरीकडे उतरवून घेतल्याची खात्री स्वतः करावी; आमच्या शब्दावर विसंबू नये, आम्ही चुकलेले मनुष्य आहो. तिसरी मागणी तरुणांस. दर रविवारी दोन तास अभ्यासिकेस द्यावेत. यंत्रे आठ आहेत आणि शिकविणारा एक वृद्ध. हे प्रमाण बरे नव्हे.

लिनक्स आज घरगुती लॅपटॉपवर सर्वस्वी बिनचूक चालते, असे आम्ही म्हणणार नाही. दहा गोष्टींपैकी आठ-नऊ निमूट चालतात आणि एखादी रुसून बसते, हा आमचा अनुभव आहे. परंतु पत्र लिहिणे, शिष्यवृत्तीचा अर्ज भरणे, व्याख्यान ऐकणे, हिशेब मांडणे या विद्यार्थ्यांच्या नित्य कामांसाठी ते पुरेसे आहे. पूर्वी दारावर कल्हईवाला येत असे, तेव्हा आम्ही मुले त्याच्या भात्याभोवती गर्दी करीत असू. नवसागराचा धूर निघे, कथील फिरे आणि काळे पातेले आतून चांदीसारखे उजळे. भांडे तेच असे, पण त्यात पुन्हा स्वयंपाक करता येई. अभ्यासिकेत एखादे मिटलेले यंत्र पुन्हा उजळते आणि त्यापुढे एखादा मुलगा अर्ज भरावयास बसतो, तेव्हा आम्हास त्या भात्याची आठवण होते.

झाल्या चुकीची पुनश्च क्षमा मागून आम्ही आपली रजा घेतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.